पंचांग, बाजार आणि ताट : क्योतो शहराचा ऋतू कोण ठरवतं?

आजचा विषय आहे जपानमधलं क्योतो शहर, तिथले खाण्यापिण्याचे सण आणि तिथलं रोजचं जगणं. विषय चविष्ट आहे, पण मी माणूस तत्त्वज्ञानाचा. त्यामुळे ताट वाढण्याआधी एक प्रश्न विचारणार, तेवढं सहन करा.

जपानबद्दल एक वाक्य आपण सारखं ऐकतो. ‘जपानी लोकांना ऋतूंची उपजत जाण असते.’ वसंतात चेरी, उन्हाळ्यात ईल मासा, शरदात चंद्र, हिवाळ्यात मुळा. जणू हे त्यांच्या रक्तातच आहे. माझा प्रश्न असा, की हे खरंच उपजत आहे का? ऋतू निसर्ग देतो आणि माणूस तो नुसता झेलतो, की तो कुणाला तरी राखावा लागतो?

या प्रश्नावर खुद्द क्योतोत एक मोठं पुस्तक लिहिलं गेलं. वात्सुजी तेत्सुरो हे क्योतोच्या विद्यापीठात शिकवत होते. 1927 साली हायडेगरचं ‘बीइंग अँड टाइम’ आलं, ते त्यांनी युरोपात असतानाच वाचलं. त्यांचं म्हणणं पडलं, की माणसाचं अस्तित्व काळात असतं हे ठीक, पण ते हवेत, पावसात, थंडीतही असतं, त्याचं काय? 1935 साली त्यांचं ‘फूदो’ हे पुस्तक आलं. फूदो म्हणजे शब्दशः वारा आणि माती. थंडी ही बाहेरची वस्तू आणि आपण आत बसलेले, असं नसतं. थंडी वाजते तेव्हाच आपण स्वतःलाही ओळखतो, हा त्यातला गाभा. विचार सुंदर आहे. पण पुढे ते मोसमी हवेचा माणूस असा, वाळवंटाचा तसा, अशी वर्गवारी करतात. मोसमी माणूस सोशीक, शरण जाणारा, आणि त्याचं ठळक उदाहरण कोण, तर आपण भारतीय. इथे मी थांबतो. कारण वात्सुजींच्या घराबाहेर जे शहर होतं, त्याचा इतिहास काही वेगळंच सांगतो. तो आज पाहू.

समुद्र नसलेल्या शहराचे मासे

क्योतो वसलं 794 साली. तिन्ही बाजूंनी डोंगर, उन्हाळ्यात दमट उकाडा, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. हजारेक वर्षं सम्राटाचं गाव. आणि राजधानी असून जवळ समुद्र नाही! दक्षिणेला ओसाकाचा उपसागर पन्नासेक किलोमीटरवर. उत्तरेला वाकासा प्रांतातलं ओबामा बंदर सत्तरेक किलोमीटर, मध्ये डोंगर. बर्फ नाही, आगगाडी नाही. मग ताटात मासा यायचा कसा?

उत्तरेकडून यायचा ‘साबा’, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद. बंदरावर मीठ लावायचं आणि माणसांनी पाठीवर घेऊन डोंगर ओलांडायचे. क्योतोला पोचेपर्यंत मीठ बरोबर मुरलेलं असायचं. या वाटेला आज ‘साबा काइदो’, बांगड्याची वाट, म्हणतात. त्या खारवलेल्या माशाची आंबूस भातावर दाबून केलेली सुशी हा क्योतोचा सणाचा पदार्थ झाला. मैलांचा हिशोब चवीत उतरला, असं म्हणा ना.

दक्षिणेकडून उन्हाळ्यात यायचा ‘हामो’. कोकणातल्या मंडळींना हा सांगायला नको. आपण ज्याला वाम म्हणतो, त्याच कुळातला हा मासा. लांबट, दातेरी, चिवट. पाण्याबाहेर काढला तरी बराच वेळ जिवंत राहतो, म्हणून भर उन्हाळ्यात क्योतोपर्यंत ताजा पोचणारा हा एक मासा. पण अंगात बारीक काटे इतके, की तोंडात घालवत नाही. मग क्योतोच्या आचाऱ्यांनी एक कसब कमावलं. जड सुरीनं मांसाला काप द्यायचे, पण कातडी कापायची नाही. साधारण तीन सेंटिमीटरमध्ये चोवीसेक काप! ‘कर्र कर्र’ असा आवाज येतो. मग तुकडे उकळत्या पाण्यात क्षणभर सोडले, की पांढऱ्या फुलासारखे उमलतात. खारवलेल्या आंबट उमे फळाच्या चटणीबरोबर खायचे.

आता बघा, हामो हा उन्हाळ्याचा मासा का? निसर्गानं तो उन्हाळ्यात दिला, हे खरं. पण शहराचं समुद्रापासूनचं अंतर, माशाचा चिवटपणा आणि सुरीवरचा हात, या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून तो ‘क्योतोचा उन्हाळा’ झाला.

हे सगळं विकलं जायचं निशिकी बाजारात. चारएकशे मीटरची अरुंद गल्ली. खाली थंड भूजल. विहिरीत मासे, भाज्या गार राहत. 1615 च्या सुमारास शोगुनशाहीनं इथे मासे विकायला अधिकृत परवानगी दिली. याच गल्लीत 1716 साली एका भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. इतो जाकुचू. पुढे फार मोठा चित्रकार झाला. 1770 च्या दशकात शेजारच्या गोजो बाजारानं निशिकी बंद पाडायचा घाट घातला. चाळिशीत दुकान भावाकडे सोपवून बसलेला हा चित्रकार पेठेचा प्रमुख म्हणून उभा राहिला, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि तीनेक वर्षांनी, 1774 साली, बाजार वाचला.

त्याचं एक चित्र आहे, भाज्यांचं महापरिनिर्वाण. भगवान बुद्ध दोन शालवृक्षांमध्ये पहुडलेले आणि भोवती शिष्य शोक करताहेत, हे दृश्य आपल्याला माहीत आहे. जाकुचूनं बुद्धांच्या जागी मुळा ठेवला. पालथ्या टोपलीवर एक जाडजूड पांढरा मुळा निजलाय, भोवती भोपळे, वांगी, सलगम दुःखात बसलेत आणि शालवृक्षांच्या जागी मक्याची ताटं. ही थट्टा आहे की भक्ती? माझ्या मते दोन्ही. ज्यानं भाजीवर पोट भरलं त्यानंच हे काढावं.

सणाचं ताट आणि साधं ताट

लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी जपानी जगण्याचे दोन रंग सांगितले : ‘हारे’ आणि ‘के’. हारे म्हणजे सणाचा, विशेष दिवस. के म्हणजे रोजचा. आपल्याकडेही सणाचा स्वयंपाक आणि रोजचं वरण-भात हा फरक असतोच. पण क्योतोच्या व्यापारी घरांची खुबी अशी, की त्यांनी ‘के’लाही तारखा लावल्या.

महिन्याच्या पहिल्या तारखेला वाळवलेला हेरिंग मासा आणि कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ. आठाच्या तारखांना आरामे नावाचं दुसरं शेवाळ. पंधरा तारखेला लाल अझुकीचा भात. आणि महिनाअखेरीला ओकारा, म्हणजे टोफू करताना सोयाबीनचं दूध गाळल्यावर उरणारा चोथा. त्याला ‘किराझु’ही म्हणतात, म्हणजे ‘न कापता येणारं’. सुरी लावावी लागत नाही म्हणून ते नाव. त्यावरून नातं तुटू नये, संबंध कापला जाऊ नये, असा शुभ अर्थही काढायचे. महिनाअखेरीला खिसा रिकामा, म्हणून चोथा खायचा. पण त्यालाही एक मान द्यायचा. मालक आणि गडी एकच खायचे. बाईमाणसाला रोज ‘आज काय करू’ हा प्रश्न कमी पडायचा. ही काटकसर आहे, पण तिला कालगणनेचं रूप दिलेलं आहे. आज काय शिजतंय यावरून तारीख कळायची!

जेतवनाचा उत्सव

आता मोठ्या सणाकडे वळू. जुलै महिनाभर चालणारा गिओन मात्सुरी. ‘गिओन’ हा शब्द आला कुठून? श्रावस्तीचं जेतवन, जिथे बुद्धांनी अनेक वर्षावास केले, त्या जेतवन विहाराचं चिनी अक्षरांतून जपानीत आलेलं रूप म्हणजे गिओन. त्या विहाराचा रक्षक मानलेला गोझु तेन्नो हा देव रोगराईचा स्वामी. 869 साली साथ पसरली तेव्हा 66 प्रांतांचे म्हणून 66 भाले उभारून त्याची शांत केली, तिथून या उत्सवाची सुरुवात धरतात. 1868 साली मेइजी सरकारनं बौद्ध आणि शिंतो यांची फारकत केली, तेव्हा देवळाचं नाव बदलून यासाका झालं. पण लोकांच्या तोंडी उत्सव मात्र जेतवनाचाच राहिला.

म्हणजे हा उन्हाळ्याचा सण मुळात आनंदाचा नाही, भीतीचा आहे. उकाडा, साचलेलं पाणी, पूर, साथ. त्याच्या आधी, 30 जूनला, वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांचं मालिन्य धुण्याचा विधी असतो. देवळात गवताचं मोठं कडं उभारतात, त्यातून लोक जातात आणि घरी येऊन ‘मिनाझुकी’ खातात. तांदळाच्या पिठाची वाफवलेली पांढरी त्रिकोणी वडी, वर अझुकीचे दाणे. त्रिकोण कशाचा? बर्फाच्या तुकड्याचा. डोंगरातल्या बर्फघरांत हिवाळ्याचा बर्फ राखून ठेवायचे आणि जुन्या सहाव्या महिन्यात दरबारात पाठवायचे. सामान्यांना तो कुठला मिळायला? मग त्यांनी बर्फाच्या आकाराची मिठाई खाल्ली, असं क्योतोत सांगतात. गरिबाचा बर्फ! आणि लाल दाणे कशाला, तर रोगराई दूर राहावी म्हणून.

गिओनच्या महिन्यात उत्सवातली मंडळी काकडी खात नाहीत. काकडीची चकती देवळाच्या चिन्हासारखी दिसते म्हणून. ऐन काकडीच्या मोसमात काकडी वर्ज्य! हामो मात्र इतका खातात, की या सणाला ‘हामो मात्सुरी’ असंही म्हणतात.

एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. पंधराव्या शतकात ओनिन युद्धात शहर जळालं, उत्सव तेहतीस वर्षं बंद पडला आणि 1500 साली पुन्हा सुरू झाला. पुढे 1533 साली शोगुनशाहीनं देवळाच्या विधींना मनाई केली. तेव्हा पेठांच्या प्रमुखांनी विनंती केली : देवळातले विधी नसले तरी चालतील, पण आमचे रथ निघू द्या. किती मोठी गोष्ट आहे बघा! उत्सव कुणाचा, हे पेठेनं सांगितलं. त्या रथांवर नंतर लोकांनी जगभरचं कापड चढवलं. बेल्जममधले पडदे आहेत, आणि आपल्या दख्खनमध्ये विणलेले म्हणून अभ्यासक ओळखतात असे गालिचेही आहेत. डचांच्या व्यापारातून ते तिथे पोचले. बुद्धांचं जेतवन आणि दख्खनचा गालिचा, दोन्ही एकाच मिरवणुकीत.

ऋतू जागेवर, पंचांग पुढे

आता आजच्या व्याख्यानाचा कणा. जपानचं जुनं पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर होतं. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचं, आणि दोन्हींचा मेळ घालायला अधिक महिना. धोंड्याचा महिना त्यांनाही होता म्हणायचा, फक्त जावयाची सोय नव्हती.

त्या पंचांगावर पाच मोठे ऋतुसण बसवलेले होते आणि तोकुगावा शोगुनशाहीनं त्यांना अधिकृत मान दिला होता. पहिल्या महिन्याच्या सातव्या दिवशी सात रानभाज्यांची पेज. तिसऱ्याच्या तिसऱ्याला पीच फुलांचा, बाहुल्यांचा सण. पाचव्याच्या पाचव्याला पानात गुंडाळलेली मोची. सातव्याच्या सातव्याला तानाबाता, ताऱ्यांची भेट, बारीक शेवया. नवव्याच्या नवव्याला शेवंतीची फुलं घातलेली साके. तारीख आणि ताट यांचा मेळ बरोबर होता, कारण त्या तारखेला ती भाजी उगवायची, ते फूल उमलायचं.

1872 सालच्या 9 डिसेंबरला मेइजी सरकारनं फर्मान काढलं. जुन्या बाराव्या महिन्याची तीन तारीख हीच 1 जानेवारी 1873. मध्ये तीन आठवडे! पुढच्या वर्षाची पंचांगं छापून तयार होती, छापणारे बुडाले. इतकी घाई का? पाश्चात्त्य जगाशी जुळवून घ्यायचं होतं, हे कारण होतंच. पण येणारं वर्ष अधिक महिन्याचं होतं आणि सरकारनं नुकतीच मासिक पगाराची पद्धत आणली होती. म्हणजे तेरा पगार द्यावे लागणार! तिजोरीत खडखडाट. नवं पंचांग आणलं की तेरावा पगार गेला, आणि दोनच दिवसांच्या डिसेंबरचा पगारही वाचला. त्या वेळचे मंत्री ओकुमा शिगेनोबु यांच्या आठवणींत हे कारण आलेलं आहे. फुकुझावा युकिची यांनी नव्या पंचांगाची बाजू मांडणारी एक छोटी पुस्तिका लिहिली, ती हातोहात खपली. जानेवारी 1873 मध्येच पाचही ऋतुसणांची अधिकृत मान्यता रद्द झाली. त्यांच्या जागी सम्राटाचा वाढदिवस आणि राज्यस्थापनेचा दिवस आले.

पण मंडळी, फर्मानानं सण मरत नाहीत. लोकांनी सण पाळले, आणि मग अडचण लक्षात आली. आकडा तोच, ऋतू वेगळा! 7 जानेवारीला बर्फ असतं, रानभाज्या कुठून येणार? आज त्या हरितगृहात वाढवतात आणि सातही भाज्या डब्यात घालून सुपरमार्केटात मिळतात. 3 मार्चला पीच फुललेलं नसतं. 7 जुलैला ऐन पावसाळा; तारे दिसणार कुठून? पूर्वी सातव्या तिथीला आकाशात नेमाने अर्धा चंद्र असायचा, आता असेल तो असेल. 9 सप्टेंबरला शेवंती उमललेली नसते, म्हणून तो सण जवळजवळ विसरलाच गेला. पितरांना निरोप द्यायला क्योतोच्या डोंगरांवर आगी पेटवतात. पूर्वी ती पौर्णिमेच्या लगतची तिथी, त्यामुळे आगींवर मोठा चंद्र असायचा. आता तारीख 16 ऑगस्ट. चंद्र आला तर आला.

लोकांनी यातून तीन वाटा काढल्या. पहिली, आकडा धरायचा आणि ऋतू सोडायचा. 7 जानेवारीची पेज तशी. दुसरी, महिनाभर पुढे ढकलायचं, म्हणजे ऋतू साधारण जुळतो. पितरांचा सण बहुतेक ठिकाणी जुलैऐवजी ऑगस्टात गेला तो असा. गिओनच्या मिरवणुकाही जुन्या सहाव्या महिन्याच्या 7 आणि 14 तारखांवरून 17 आणि 24 जुलैला आल्या. तिसरी, जुनं पंचांगच धरून ठेवायचं. चंद्रदर्शनाचा सण असा टिकला. आठव्या महिन्याची पौर्णिमा, बहुतेक वर्षी आपल्या कोजागरीच्या महिनाभर आधी. तांदळाचे गोळे, अरवी, गवताचे तुरे. हा सण का हलला नाही? कारण सरकार तारीख बदलू शकतं, पौर्णिमा बदलू शकत नाही.

बाजारही राखतो, बाजारच खातो

सरकार गेलं, पेठ थकली, की ऋतू राखायला कोण येतं? दुकानदार. उन्हाळ्याच्या शेवटी ‘बैलाच्या दिवशी’ ईल खायची रीत एदो काळातल्या हिरागा गेन्नाई या विद्वानानं एका ईलवाल्याच्या दुकानासाठी काढली, अशी आख्यायिका आहे. जाहिरातच ती! आज त्या दिवशी देशभर इतके ईल खाल्ले जातात, की जपानी ईल 2014 साली जागतिक संकटग्रस्त यादीत गेला. 3 फेब्रुवारीच्या आसपास, वसंताच्या पूर्वसंध्येला, वयाइतके भाजलेले सोयाबीन खायचे, ही जुनी रीत. ओसाकाकडची जाडजूड सुशीची गुंडाळी, एहोमाकी, त्याच दिवशी खायची, ही रीत गेल्या तीसेक वर्षांत चोवीस तास चालणाऱ्या दुकानांनी देशभर नेली. उरलेला माल इतका फेकला जाऊ लागला, की 2019 साली कृषी मंत्रालयाला दुकानांना आवर घालायची विनंती करावी लागली.

मी बाजाराला नावं ठेवत नाही. निशिकीचा बाजार नसता तर हामो नसता. फरक कुठे आहे, तर निशिकीच्या दुकानदाराला गिऱ्हाईक उद्याही दारात हवं होतं. सणाचा माल हा एका रात्रीचा धंदा झाला, की ‘हारे’ उरतो आणि ‘के’ नाहीसा होतो. आणि रोज सण असेल, तर सण कसला?

पण उलट उदाहरणही आहे. वाहतुकीच्या आणि पर्यटनाच्या सोयीसाठी 1966 साली गिओनच्या दोन मिरवणुकांची एक केली होती. 2014 साली, एकोणपन्नास वर्षांनी, दुसरी मिरवणूक पुन्हा स्वतंत्र निघाली. त्याच वर्षी 1864 च्या आगीत जळालेला जहाजाच्या आकाराचा रथ दीडशे वर्षांनी परत आला. जुनी लाकडी घरं पडताहेत, तिथे हॉटेलं आणि फ्लॅट उभे राहताहेत, तरीही.

आता उलटं घडतंय

शेवटचा मुद्दा. क्योतोत चेरी कधी फुलली याच्या नोंदी दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशांत नवव्या शतकापासून सापडतात. त्या एकत्र लावून अभ्यासकांनी बाराशे वर्षांची मालिका तयार केली आहे. 2021 साली पूर्ण बहर आला 26 मार्चला. तोवरच्या त्या साऱ्या नोंदींत इतका लवकर कधीच नाही.

1873 साली काय झालं होतं? ऋतू जागेवर होता, पंचांग पुढे सरकलं. आज काय होतंय? पंचांग जागेवर आहे, ऋतू सरकतोय. पहिल्या वेळी लोकांना वाट काढता आली, कारण ऋतूवर भरवसा होता. महिनाभर थांबलं की फूल येणारच. आता कशावर भरवसा ठेवायचा? आपणही हसण्यात अर्थ नाही. आपल्या पंचांगानं अधिक महिना राखला, श्रावण पावसाळ्यात राहिला. पण श्रावणात पाऊस कसा पडेल, हे पंचांगाच्या हातात कुठे आहे?

म्हणून वात्सुजींकडे परत येतो. हवेत आणि मातीत आपण स्वतःला ओळखतो, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण हवेनं माणूस घडतो आणि तो तसाच राहतो, हे मान्य नाही. मोसमी माणूस शरण जातो म्हणे! क्योतोचा माणूस मोसमी हवेतलाच. त्यानं डोंगरावरून मासा आणला, काट्यांना काप दिले, बर्फ नाही तर बर्फाचा आकार खाल्ला, देवळाचे विधी थांबले तरी रथ मागितले, आणि सरकारनं पंचांग बदललं तर सण महिनाभर पुढे नेला. ही शरणागती नव्हे. ही राखण आहे. शेतकरी जसा पीक राखतो, तसा शहराला ऋतू राखावा लागतो. 2013 साली युनेस्कोनं जपानी आहारपरंपरेला वारसा म्हणून मान दिला, चांगलंच झालं. पण वारसा यादीत टिकत नाही, महिनाअखेरीच्या ओकाऱ्यात टिकतो.

तर ‘ऋतू कोण ठरवतं?’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं : वेळ निसर्ग देतो, तारीख सरकार देतं, माल बाजार देतो. पण या तिघांचा मेळ घालून त्याला ऋतू करायचं काम घरातल्या आणि पेठेतल्या माणसांचं असतं. ते त्यांनी सोडलं, की उरतात नुसते आकडे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.